मुलावर हात उचलला आणि चौकशी झाली: न्यू जर्सीतल्या मराठी पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

एडिसन, पिस्कॅटवे, जर्सी सिटी, प्लेन्सबरो या भागांतल्या मराठी पालकांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक जण चौकशीच्या निष्कर्षाचं पत्र हातात पडल्यावर लिहितात, आणि तोवर दाद मागायच्या मुदतीतले काही दिवस गेलेले असतात. तुमच्या हातात पत्र असेल तर आधी प्रश्न ६ वाचा, मग बाकीचं.

इथली माहिती न्यू जर्सीच्या कायद्याची आहे. तुमच्या प्रकरणात काय करायचं हे वकीलच सांगू शकेल. खाली काही पालकांच्या बाजूने लागलेले निकाल दिले आहेत, म्हणून मारायला हरकत नाही असा अर्थ कृपया कुणी काढू नये. आमचं मत सरळ आहे: मुलांवर हात उचलू नये. पण हात उचलला गेलाच, तर त्या आईवर किंवा बापावर आयुष्यभराचा शिक्का बसण्याआधी कुणीतरी पुरावा नीट तपासलाच पाहिजे, हेही तितक्याच ठामपणे म्हणतो.

१. न्यू जर्सीत आईवडिलांनी मुलाला मारणं बेकायदेशीर आहे का?

सरसकट नाही. शाळेत मारायला मात्र पूर्ण बंदी आहे. १८६७ मध्येच शाळेतल्या छडीवर बंदी घालणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. घरापुरतं सांगायचं तर राज्याच्या टायटल ९ या कायद्यात, मुलाला अवाजवी इजा करणं किंवा इजेचा मोठा धोका निर्माण करणं म्हणजे छळ, आणि त्यात 'अतिरेकी शारीरिक शिक्षा' येते, असं म्हटलं आहे. अतिरेकी म्हणजे नेमकं किती, याची व्याख्या कायद्यात नाही. ती कोर्टांनी एकेका प्रकरणातून घडवली आहे (प्रश्न ५).

२. शाळेने आम्हाला एक फोनही न करता परस्पर तक्रार का केली?

कारण कायद्याने त्यांना तसंच करावं लागतं. न्यू जर्सीत ही जबाबदारी फक्त शिक्षक आणि डॉक्टरांवर नाही. मुलाचा छळ होत असल्याचा वाजवी संशय आलेल्या प्रत्येक माणसाने ताबडतोब राज्याच्या हॉटलाइनला कळवायचं असतं. जाणूनबुजून कळवलं नाही तर तो गुन्हा ठरतो, आणि नियमाप्रमाणे कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. दंडावर वळ पाहिलेल्या शिक्षिकेने आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही त्या बाईंवर राग धरू नका. खरंच संकटात असलेल्या मुलांना हाच नियम वाचवतो.

३. डिव्हिजनचा माणूस दारात आला तर आत घ्यावंच लागतं का? आणि ते मुलाशी शाळेत परस्पर बोलू शकतात का?

'डिव्हिजन' म्हणजे डिव्हिजन ऑफ चाइल्ड प्रोटेक्शन अँड पर्मनन्सी. इथे जुने झालेले लोक तिला अजूनही 'डायफस' म्हणतात. तक्रार आल्यावर त्यांचा केसवर्कर साधारण २४ तासांच्या आत, न सांगता येतो. मुलाशी तो एकट्याशी बोलतो, बरेचदा शाळेतच. कोर्टाचा आदेश नसेल तर तुम्ही आत येऊ देण्यास नकार देऊ शकता, पण मग डिव्हिजन चौकशीसाठी कोर्टाकडे आदेश मागू शकतं. मूल तातडीच्या धोक्यात आहे असं वाटलं तर आदेशाशिवायही मुलाला घराबाहेर नेण्याचा अधिकार त्यांना आहे. तसं झालं तर कामकाजाच्या दोन दिवसांत प्रकरण न्यायाधीशासमोर न्यावं लागतं.

दारात वाद घालू नका. नाव, ऑफिसचा नंबर, तक्रार काय आहे हे विचारा आणि लिहून घ्या. जबाब देण्याआधी वकिलाशी बोलायचं आहे, असं शांतपणे सांगता येतं. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषी मागा, आणि तोही मराठी, 'हिंदी चालेल' म्हणू नका. मुलाला मध्ये घालून भाषांतर करवून घेऊ नका. जे घडलं ते नेमकं सांगा: हाताने की वस्तूने, कुठे, किती वेळा, कशावरून. 'आमच्याकडे असंच असतं' हे वाक्य फाइलमध्ये जातं आणि पुढे फार महाग पडतं. का ते प्रश्न ५ मध्ये कळेल.

४. पत्रात 'एस्टॅब्लिश्ड' लिहिलं आहे. याचा अर्थ काय? 'सबस्टॅन्शिएटेड'पेक्षा बरं की वाईट?

एप्रिल २०१३ पासून चौकशीचे चार निष्कर्ष असू शकतात.

'सबस्टॅन्शिएटेड' सगळ्यात गंभीर. छळ झाल्याकडे पुराव्याचं पारडं झुकतं, आणि परिस्थितीही गंभीर आहे. काही बाबतींत, उदाहरणार्थ मुलाला हॉस्पिटलात दाखल करावं लागेल अशी इजा झाली किंवा मारहाण वारंवार झाली, तर हाच निष्कर्ष द्यावा लागतो.

'एस्टॅब्लिश्ड' म्हणजे छळ झाला असंच डिव्हिजनचं म्हणणं, पण सौम्य करणाऱ्या बाबी जास्त वजनदार आहेत: घटना एकदाच घडली, घरावर तेव्हा विलक्षण ताण होता, इजा किरकोळ होती, पालकाने चौकशी संपायच्या आतच स्वतःहून पावलं उचलली. ही फक्त सौम्य समज आहे असं समजून बरेच पालक पत्र ड्रॉवरमध्ये टाकतात. तसं करू नका. तुम्ही मुलाचा छळ केलात, असा हा सरकारी निष्कर्ष आहे.

'नॉट एस्टॅब्लिश्ड' म्हणजे कायद्याच्या व्याख्येतला छळ सिद्ध होत नाही, पण मुलाला काही इजा झाली किंवा धोका होता असं दाखवणारं काहीतरी आहे (प्रश्न १२). 'अनफाउंडेड' म्हणजे तेही नाही.

५. शिक्षा 'अतिरेकी' झाली हे कोर्ट ठरवतं कसं? एका चापटीवरून छळाचा ठपका बसतो का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याला मोजपट्टी नाही, पण चार निकाल शेजारी ठेवले की कोर्ट काय बघतं ते स्पष्ट दिसतं. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून या प्रकरणांत नावांऐवजी आद्याक्षरं वापरतात.

पहिला के. ए. प्रकरणातला, २०१० चा. आठ वर्षांची, विशेष गरजा असलेली मुलगी ऐकेना, म्हणून आईने तिच्या खांद्यावर मुठीने चार-पाच गुद्दे मारले. वळ उठले, शाळेत दिसले. डिव्हिजनने आणि खालच्या कोर्टाने छळ मानला. अपेलेट डिव्हिजनने म्हणजे वरच्या कोर्टाने तो निष्कर्ष रद्द केला. का? कोर्टाने फक्त वळ पाहिले नाहीत. आईला कशाकशाला तोंड द्यावं लागत होतं, हे पूर्वी घडलं होतं का, तिने चूक मान्य केली का, मदत घेतली का, हे सगळं विचारात घेतलं. घटना एकदाची होती, आई लपवाछपवी न करता बोलली आणि देऊ केलेली मदत तिने घेतली. कोर्टाने वागणं योग्य ठरवलं नाही, पण ते 'अतिरेकी' या पायरीवर जात नाही असं म्हटलं. त्याच निकालात हेही बजावलं की हाड मोडणं किंवा डॉक्टर गाठावा लागेल अशी मोठी जखम झाली, तर एकच घटनाही पुरेशी ठरू शकते.

दुसरा पी. डब्ल्यू. आर. प्रकरणातला, २०११ चा, थेट राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा. सावत्र आईने किशोरवयीन मुलीच्या तोंडात मारल्याचा मुद्दा होता. वळ नाही, जखम नाही. कोर्ट म्हणालं की शिस्तीपोटी मारलेली अशी थप्पड, जिच्यामुळे खूण उठत नाही, ती अतिरेकी शिक्षा ठरत नाही. टायटल ९ शारीरिक शिक्षेला सरसकट मनाई करत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

आता दुसरी बाजू. सी. एच. प्रकरणात, तेही २०१० चंच, आईने पाच वर्षांच्या मुलीला लाकडी पॅडलने मारलं होतं. अंगावर ठिकठिकाणी वळ होते. मुलीचा गुन्हा काय, तर घरात वीज नाही हे तिने शेजाऱ्यांना सांगितलं. आईचं म्हणणं की मारणं हीच आपली शिस्त लावायची रीत, आणि त्यात काही चुकत नाही. कोर्टाने छळाचा निष्कर्ष कायम ठेवला. चौथा एस. एच. प्रकरणातला, २०१५ चा. आईने पंधरा वर्षांच्या मुलाला गोल्फ क्लबने मारलं आणि चावाही घेतला. मुलगा मोठा होता, उलट बोलला होता, तरी कोर्टाने छळच मानला.

के. ए. आणि सी. एच. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा. वळ दोन्हींत होते. फरक पडला तो मुलाचं वय, वस्तू, मारण्यामागचं कारण, सवय की एकदाची घटना, आणि घडून गेल्यावर पालक काय म्हणाला, या गोष्टींनी. आमच्या मते शेवटच्या गोष्टीकडे मराठी पालकांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 'मी माझ्या मुलाला वळण लावतोय, तुम्ही कोण?' असा पवित्रा घेतलेला जबाब फाइलमध्ये तसाच राहतो, आणि पुढची प्रत्येक पायरी तोच वाचत वर जाते.

६. पत्र मिळालं. दाद मागायला किती दिवस आहेत, आणि कुठे?

'सबस्टॅन्शिएटेड' किंवा 'एस्टॅब्लिश्ड' (प्रश्न ४) निष्कर्ष पत्राने कळवला असेल तर सुनावणीची मागणी २० दिवसांत करावी लागते. दिवस पत्रावर छापलेल्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे पुढे वाद नको. कुठे पाठवायचं ते त्याच पत्रात असतं. लेखी पाठवा आणि पोच ठेवा. पाकीटही जपून ठेवा. त्यावरचा टपालाचा शिक्का काही प्रकरणांत कामी येतो. मागणीच्या पत्रात सगळी कहाणी लिहायची गरज नाही. निष्कर्ष मान्य नाही आणि सुनावणी हवी आहे, एवढं पुरतं.

यानंतर प्रकरण साधारणपणे ऑफिस ऑफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ या वेगळ्या कार्यालयातल्या न्यायाधीशाकडे जातं. ते प्राथमिक निर्णय देतात. त्यावर दोन्ही बाजूंना लेखी हरकती घेता येतात, आणि त्यासाठी निर्णय टपालात पडल्यापासून १३ दिवसच असतात. मग खात्याचा प्रमुख तो निर्णय स्वीकारतो, बदलतो किंवा फेटाळतो. ज्या खात्याने ठपका ठेवला त्याच्याच हातात अंतिम सही कशी, असं पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून कायद्याने एक अटकाव ठेवला आहे: साध्या साक्षीदारांच्या खरेपणाबद्दल न्यायाधीशाने काढलेला निष्कर्ष प्रमुखाला मर्जीप्रमाणे बाजूला सारता येत नाही. प्रमुखाच्या अंतिम निर्णयावर अपेलेट डिव्हिजनकडे म्हणजे वरच्या कोर्टाकडे ४५ दिवसांत अपील करता येतं.

७. आमच्या मित्राची केस फॅमिली कोर्टात चालली, आम्हाला फक्त पत्र आलं. असं का?

दोन वेगळे रस्ते आहेत. मुलाच्या सुरक्षिततेसाठी कोर्टाची देखरेख हवी असं डिव्हिजनला वाटलं तर ते थेट सुपीरियर कोर्टाच्या फॅमिली पार्टमध्ये तक्रार दाखल करतं. तिथे 'फॅक्ट-फाइंडिंग' सुनावणी होते आणि छळ झाला की नाही हे न्यायाधीश ठरवतात. मुलासाठी स्वतंत्र वकील नेमला जातो. त्या केसमध्ये प्रश्न ६ मधला २० दिवसांचा रस्ता लागू पडत नाही, अपील कोर्टाच्या निकालावर करायचं असतं. कोर्टात तक्रार झाली नसेल तर उरतो तो पत्राचा रस्ता.

फॅमिली कोर्टात कधी कधी 'कबूल करा, केस लवकर संपेल' असा प्रस्ताव येतो. कबुली दिल्यानंतर अपीलात फारसं काही उरत नाही. वकिलाशी पूर्ण बोलल्याशिवाय होकार देऊ नका.

८. सुनावणीत सिद्ध कुणी करायचं? मुलाला साक्षीला आणतात का?

सिद्ध डिव्हिजनने करायचं. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही. छळ झाला असण्याची शक्यता न झाल्यापेक्षा जास्त आहे, इतकं दाखवलं की पुरतं.

मुलाने शिक्षिकेला किंवा केसवर्करला सांगितलेलं या सुनावणीत चालतं, मूल स्वतः आलं नाही तरी. पण कायदा पुढे असंही म्हणतो की त्याला दुसरा दुजोरा नसेल तर फक्त त्यावर छळाचा निष्कर्ष काढता येत नाही. दुजोरा म्हणजे वळांचे फोटो, डॉक्टरांची नोंद, तुमचाच जबाब. कितीतरी प्रकरणांत सगळ्यात भक्कम दुजोरा पालकाने पहिल्या दिवशी घाबरून दिलेल्या जबाबातूनच मिळालेला असतो.

मुलगा आता म्हणतोय की असं झालंच नव्हतं, असंही अनेक जण कळवतात. मुलाने शब्द फिरवला की केस आपोआप पडत नाही. न्यायाधीश दोन्ही विधानं पाहतात आणि मुलावर घरातून दबाव आला का तेही पाहतात. म्हणून मुलाला काय बोलायचं ते पढवू नका. त्याच्या मनावर एक ओझं आधीच आहे.

९. अपीलात कोर्ट सगळं नव्याने ऐकतं का?

नाही, आणि इथेच पालकांची सर्वात मोठी निराशा होते. अपेलेट डिव्हिजनचे न्यायाधीश साक्षीदार बोलावत नाहीत. खाली जो कागद तयार झाला, त्यावरच सगळं चालतं. खात्याचा निर्णय मनमानी, लहरी किंवा अवाजवी आहे का, आणि त्याला पुरेशा विश्वसनीय पुराव्याचा आधार आहे का, एवढं ते तपासतात. फॅमिली कोर्टाच्या निकालातही साक्षीदार खरं बोलत होते की नाही, याबद्दल प्रत्यक्ष ऐकणाऱ्या न्यायाधीशाच्या मताला ते मोठा मान देतात.

कायद्याचा अर्थ लावायचा असेल तिथे मात्र ते कुणाचं ऐकून घ्यायला बांधलेले नाहीत. के. ए. आणि पी. डब्ल्यू. आर. मध्ये पालक जिंकले ते याच जागेवर. घटना काय घडली यावर फारसा वाद नव्हता. जे घडलं ते 'अतिरेकी' या शब्दात बसतं का, हा वाद होता. तुमच्या प्रकरणातला वाद कोणता, हे अपील करण्याआधी वकिलाला विचारा. 'केसवर्कर खोटं लिहितो' हा मुद्दा अपीलात क्वचित चालतो. तो खालीच, उलटतपासणीत लढायचा असतो. हॉस्पिटलची कागदपत्रं, शाळेच्या नोंदी, समुपदेशकाचं पत्र, जे दाखवायचं ते पहिल्या सुनावणीतच दाखवा. मागे राहिलेला कागद अपीलात घुसवता येत नाही.

१०. मला इजा करायची नव्हती. झटापटीत लागलं. तरी छळ कसा?

इजा करायचा हेतू लागतोच असं नाही. २०१० च्या एम. सी. प्रकरणात एका वडिलांनी रागाच्या भरात दोन किशोरवयीन मुलांना धरलं, झटापट झाली, मुलांना लागलं. लागावं अशी त्यांची इच्छा नव्हती, पण राज्याच्या सुप्रीम कोर्टाने छळाचा निष्कर्ष कायम ठेवला. धरणं ही कृती मुद्दाम केलेली होती, आणि त्यातून इजा होण्याची दाट शक्यता त्यांनी नजरेआड केली, असं कोर्टाने म्हटलं. चेंडू चुकून लागणं वेगळं आणि संतापात दंडाला धरून ओढणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात 'चुकून' हा बचाव टिकत नाही.

११. त्यानंतर आम्ही पालकत्वाचा कोर्स केला, समुपदेशन चालू आहे, घर आता शांत आहे. मग जुना निष्कर्ष का राहावा?

कोर्ट घटनेच्या वेळी काय होतं ते बघतं. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे ई. डी.-ओ. प्रकरणात स्पष्ट केलं. प्रकरण मारण्याचं नव्हतं. साउथ प्लेनफील्डच्या मॉलबाहेर, इंजिन चालू असलेल्या गाडीत १९ महिन्यांचं बाळ ठेवून आई थोडा वेळ दुकानात गेली होती. धोक्याचं मोजमाप त्या वेळच्या परिस्थितीवरून करायचं, सुनावणीच्या दिवसावरून नाही, असं कोर्टाने सांगितलं. त्याच निकालात, गाडीत मूल ठेवलं की झाला निष्काळजीपणा असा सरसकट ठोकताळा चालणार नाही, सुनावणी द्यायलाच हवी, असंही सांगितलं. म्हणून हा निकाल पालकांच्या उपयोगाचाही आहे.

तुम्ही केलेलं वाया जात नाही. चौकशी संपायच्या आत उचललेली पावलं 'सबस्टॅन्शिएटेड' की 'एस्टॅब्लिश्ड' हे ठरवताना मोजली जातात (प्रश्न ४), आणि के. ए. प्रकरणात तर आईने मदत घेतल्याचं कोर्टाने आवर्जून नोंदवलं. कोर्स करायचा तर पत्राची वाट न बघता सुरू करा, आणि मुख्य म्हणजे मुलासाठी करा.

१२. आम्हाला 'नॉट एस्टॅब्लिश्ड' मिळालं. सोडून द्यावं ना?

घाईने ठरवू नका. 'छळ सिद्ध नाही, पण इजा किंवा धोका होता' अशी ती नोंद आहे आणि ती डिव्हिजनच्या फाइलमध्ये राहते. उद्या दुसरी तक्रार आली तर केसवर्कर हीच फाइल आधी उघडतो.

यावर प्रश्न ६ मधली पूर्ण सुनावणी मिळत नाही, असं अपेलेट डिव्हिजनने २०१८ मध्ये सांगितलं. ('एस्टॅब्लिश्ड'साठी मात्र सुनावणी द्यावी लागते, हे २०१७ मध्ये ठरलं.) पण थेट अपील करता येतं. २०२० मध्ये एस. सी. प्रकरणात एका आईने तेच केलं. तिच्यावर मुलाला मारल्याचा आरोप होता, आणि डिव्हिजनने 'नॉट एस्टॅब्लिश्ड' असं मोघम पत्र पाठवलं होतं. सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत पाठवलं. असा निष्कर्ष द्यायचा तर त्यामागे काहीतरी पुरावा हवा आणि तो कोणता हे पालकाला सांगायला हवं, नुसतं ठोकळेबाज वाक्य पुरत नाही, असं कोर्टाने म्हटलं. तुमच्या पत्रात कारण लिहिलेलं नसेल तर हा निकाल वकिलाला दाखवा.

१३. नोंद किती वर्षं राहते? नोकरी जाईल का?

'सबस्टॅन्शिएटेड' नोंद आपोआप पुसली जात नाही. पाळणाघरं, फॉस्टर केअर, दत्तक घेणं, अशा ठिकाणी जी छळाच्या नोंदींची तपासणी होते तिच्यात ती दिसते. घरी डेकेअर चालवणाऱ्या किंवा बालवाडीत काम करणाऱ्या मराठी बायका इथे खूप आहेत. त्यांची रोजीरोटीच यावर टांगलेली असते. 'एस्टॅब्लिश्ड' या तपासणीत दिली जात नाही, पण डिव्हिजनकडे राहते. 'अनफाउंडेड' मात्र साधारण तीन वर्षांनी काढून टाकतात. सॉफ्टवेअर कंपनीची नेहमीची पार्श्वभूमी तपासणी या नोंदींपर्यंत पोहोचत नाही. त्या कायद्याने गोपनीय आहेत.

१४. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर परिणाम होतो का?

डिव्हिजनचा निष्कर्ष म्हणजे फौजदारी शिक्षा नाही. मुलाच्या छळावरून देशाबाहेर काढण्याचं जे कलम इमिग्रेशन कायद्यात आहे, ते गुन्ह्यात दोषी ठरण्याशी जोडलेलं आहे. म्हणून खरा धोका पोलिस केसमध्ये आहे. त्याच घटनेवरून पोलिसांनी गुन्हा नोंदवला असेल तर 'छोटा गुन्हा मान्य करून मोकळे व्हा' या सल्ल्यावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. कोणत्याही अर्जात विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नका.

१५. पोलिसांनी केस बंद केली. मग डिव्हिजनचा निष्कर्षही रद्द होईल ना?

नाही. दोन्हींचे कायदे वेगळे, पुराव्याची पातळी वेगळी (प्रश्न ८). पोलिसांनी केस बंद केल्याचं पत्र सुनावणीत जरूर दाखवा, पण त्यावर विसंबून २० दिवस घालवू नका.

१६. आम्ही अपील जिंकलो, तरी केसवर्कर अजून घरी येतो. हे बरोबर आहे का?

शक्य आहे. टायटल ९ खाली छळाचा ठपका ठेवला जातो. टायटल ३० हा दुसरा कायदा आहे. त्याखाली, छळ झाला नाही तरी कुटुंबाला मदतीची गरज आहे असं दिसलं, तर डिव्हिजन कोर्टाच्या परवानगीने सेवा आणि देखरेख चालू ठेवू शकतं. पुढची तारीख कधी, नेमकी काय अपेक्षा आहे, हे लेखी मागा.

१७. वकिलाला इतके पैसे नाहीत. काय करावं?

फॅमिली कोर्टात केस असेल आणि ऐपत नसेल तर राज्याच्या पब्लिक डिफेंडर कार्यालयातून वकील मिळतो. पत्राच्या रस्त्यात पूर्वी पालकांना एकट्याने उभं राहावं लागत असे. २०१९ मध्ये अपेलेट डिव्हिजनने एल. ओ. प्रकरणात सांगितलं की ऐपत नसलेल्या पालकाला अशा सुनावणीतही वकील मिळायला हवा. सुनावणीची मागणी करतानाच वकील हवा असल्याचं लिहा. ऐपत असलेल्यांनी फॅमिली लॉ म्हणजे फक्त घटस्फोट समजणारा वकील घेऊ नये. डिव्हिजनच्या केसेस किती लढलात, हा पहिला प्रश्न विचारा.

१८. माझी बहीण कॅलिफोर्नियात आहे, भाऊ न्यूयॉर्कमध्ये. तिथेही हेच नियम?

नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात काउंटीचा विभाग चौकशी करतो आणि ठपका राज्याच्या मध्यवर्ती यादीत जातो. २०१४ चं सांता क्लारा काउंटीतलं प्रकरण तिथल्या मराठी पालकांनी माहीत करून घ्यावं. बारा वर्षांच्या मुलीला आईने लाकडी चमच्याने पार्श्वभागावर मारलं, वळ उठले, काउंटीने छळ ठरवला. अपील कोर्टाने तो निर्णय उलटवला. लाकडी चमचा वापरला एवढ्यावरून शिक्षा वाजवी मर्यादेबाहेर गेली असं म्हणता येत नाही, असं कोर्ट म्हणालं. मुलीची साक्ष सुनावणीत ऐकूनच घेतली नव्हती, यावरही कोर्टाने बोट ठेवलं. न्यूयॉर्कमध्ये पूर्वी थोडासा विश्वसनीय पुरावाही पुरत असे. १ जानेवारी २०२२ पासून तिथेही पारडं स्पष्ट झुकावं लागतं. मुदती आणि फॉर्म मात्र त्या त्या राज्याचेच पाहा.

१९. भारतात तर आईवडिलांनी मारलेलं चालतं. कोर्टात आपली संस्कृती सांगितली तर?

भारतातही सगळं चालतं असं नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला मनाई आहे, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या सांभाळकर्त्याला शिक्षा आहे. संस्कृतीचा मुद्दा संदर्भ म्हणून सांगता येतो: घरात कोण कोण आहे, पालकावर कसला ताण होता, त्याचा हेतू काय होता. बचाव म्हणून तो इथे टिकत नाही, आणि 'आम्ही बदलणार नाही' असा सूर लागला तर उलट अंगावर येतो (प्रश्न ५ मधलं सी. एच. प्रकरण पाहा).

२०. मारलं आजोबांनी. ते सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेले. ठपका कुणावर?

मुलाची देखभाल ज्याने अंगावर घेतली, त्याला हा कायदा पालकासारखाच लागू होतो. तुम्ही ऑफिसला गेलात आणि आजोबा मुलाला सांभाळत होते, तर निष्कर्ष त्यांच्या नावावर येऊ शकतो. शिवाय कायद्यात इजा 'करणं' आणि 'होऊ देणं' दोन्ही आहे. आजोबा मारतात हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी मुलाला त्यांच्याकडे सोपवत राहिलात, तर तुमच्या नावावरही.

पत्र इथल्या पत्त्यावर येतं. आजोबा तोवर परत गेलेले असले तरी २० दिवस थांबत नाहीत. त्यांच्या नावाचं पाकीट 'येतील तेव्हा बघतील' म्हणून बाजूला ठेवू नका. त्याच दिवशी फोटो काढून त्यांना पाठवा, आणि सुनावणीची मागणी त्यांच्या सहीने करून घ्या. पुढच्या वर्षी नातवंडांना सांभाळायला ते पुन्हा येणार असतील आणि डिव्हिजनची फाइल अजून उघडी असेल, तर तिकीट काढण्याआधी वकिलाशी बोला. त्यांनी मुलाबरोबर एकट्याने राहू नये अशी अट त्या फाइलमध्ये लिहिलेली असू शकते.